परसातल्या कोंबड्या आणि रात्रीचे पाहुणे

सकाळी खुराड्याचं दार उघडायला जावं, तर दार आधीच अर्धवट उघडं, अंगणभर पिसांचा सडा, आणि काल मोजून कोंडलेल्या नवांपैकी चारच कोंबड्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या! मैत्रिणींनो, कोंबड्या पाळणाऱ्या घरात हा प्रसंग एकदा तरी येतोच. घरातले पुरुष म्हणतात, "जाऊ दे, कोंबड्याच तर होत्या." पण त्या कोंबड्यांच्या अंड्यांवर पोरांच्या वह्या-पेन्सिली येतात, भिशीचा हप्ता निघतो, अवचित आलेल्या जावयापुढे ताट मांडता येतं, हे आपल्यालाच ठाऊक असतं. अंड्यांचा पैसा हा घरातल्या बाईचा पैसा. तो रात्रीतून कुणी पळवून नेला तर वाईट वाटणारच.

आपला भंडारा जिल्हा म्हणजे तलावांचा आणि धानाचा मुलूख. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी ही म्हणायला शहरं. पण शेवटची गल्ली संपते तिथेच बांधी सुरू होते. घराचं तोंड रस्त्याकडे आणि सांदवाडी धुऱ्याला लागलेली. पूर्वेला नागझिरा, अलीकडे कोका, दक्षिणेला पवनीपासून उमरेड-कऱ्हांडल्याचं रान. नवेगाव, नागझिरा आणि कोका मिळून २०१३ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला. अशा जिल्ह्यात कोंबडी पाळायची म्हणजे नुसता कोंडा-कणी टाकून भागत नाही, राखणही करावी लागते. अमेरिकेतल्या बायका कायोट नावाच्या जनावराला वैतागलेल्या असतात. तो आपल्या कोल्ह्याचाच लांबचा भाऊ. म्हणजे हे दुखणं जगभरचं आहे!

आधी चोर ओळखा

नुकसान झालं की आपण पहिला आळ घेतो शेजारच्या मांजरावर. मग दोन घरांत अबोला. पण आळ घेण्याआधी पाच मिनिटं खाली वाकून नीट पाहा. प्रत्येक चोराची काम करण्याची तऱ्हा वेगळी असते.

चार-पाच कोंबड्या मारून तिथेच टाकल्यात, अंग फाडलंय, पण खाल्लेलं फारसं नाही, असं असेल तर ते काम बहुधा मोकाट कुत्र्यांचं. कुत्रा पुष्कळदा भुकेपोटी नाही, पळणाऱ्या पक्ष्यामागे धावण्याच्या नादात मारतो, आणि दोन-तीन कुत्री जमली की एकही कोंबडी सोडत नाहीत. खरं सांगायचं तर शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कोंबड्यांना वाघ-बिबट्यापेक्षा या कुत्र्यांचंच भय जास्त.

एकच कोंबडी नाहीशी झाली, ओरडा फार झाला नाही, आणि पिसांची रांग कुंपणाच्या भोकातून थेट बांधीकडे गेली, तर कोल्हा समजा. हा येतो दिवेलागणीनंतर किंवा पहाटे, झुंजूमुंजू होताना. गोष्टीतल्या पुस्तकांनी त्याला लबाड ठरवला आहे. पण शेतात त्याचं मुख्य खाणं उंदीर, खेकडे, बोरं आणि मेलेली गुरं. कोंबडी ही त्याची चैन. धान गुडघ्यावर वाढला की त्याला लपत लपत पार तुमच्या सांदवाडीपर्यंत येता येतं, म्हणून त्या दिवसांत जास्त जपावं. पुष्कळजणी कोल्हा आणि खोकड एकच समजतात. खोकड आकारानं लहान, शेपटी झुपकेदार आणि टोकाला काळी. त्याचं पोट किडे-उंदरांवर भरतं. मोठ्या कोंबडीच्या वाटेला तो क्वचितच जातो.

भरदिवसा, दुपारी सगळं सामसूम असताना कोंबडी मेली आणि मानेवर नाहीतर डोक्यामागे चावा दिसला, तर ते मुंगूस. त्याचं दर्शन शुभ म्हणून लहानपणी आपण त्याला तोंड दाखवायला सांगत असू! तेच मुंगूस एखाद्या फटीतून आत शिरलं की एका दमात दोन-चार पिलं मारतं. "मुंगूस रक्त पितं" असं सगळ्या सांगतात, पण तसं नाही. मानेवर चावल्यामुळे तेवढंच रक्त दिसतं, आणि खायला सवड मिळाली नाही की ते पक्षी टाकून पळतं.

रात्री कवेलू सरकलेले, आढ्यावरून माती पडलेली, असं दिसलं तर उदमांजर. काहीजणी त्याला कांडेचोर म्हणतात. ते झाडावरून छपरावर आणि छपरावरून आत येतं. जमिनीवर कितीही पक्कं कुंपण असलं तरी त्याला त्याचं काय! रानमांजर मात्र जमिनीवरून येतं आणि आख्खी कोंबडी उचलून नेतं. घरच्या मांजराला मोठी कोंबडी सहसा आवरत नाही. त्याचा डोळा पिलांवर.

खुराड्यात कोपऱ्याला ताजं बीळ आणि उकरलेल्या मातीचा ढीग असेल तर घूस. ती पिलांना बिळात ओढते, झोपलेल्या कोंबडीचे पाय कुरतडते आणि अंडी लोटत नेते. अंडी गेली पण कवचाचा तुकडासुद्धा नाही, तर साप. साप अंडं आख्खं गिळतो. धामण येते ती बहुधा उंदरांसाठी. नाग मात्र अंडी आणि पिलं दोन्हींसाठी येतो. कधी एखादं पिलू मेलेलं आणि डोक्याकडून चिकट-ओलं सापडतं. सापानं गिळायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही म्हणून सोडलं, असं समजावं.

आणि अंड्याचं कवच तिथेच, बलक गवताला माखलेला, असं असलं तर बाहेर चोर शोधू नका. तुमचीच एखादी कोंबडी अंडं फोडून खाते आहे! चोचीला बलक लागलेली दिसली की ती ओळखावी. चुनखडी, शिंपल्याचा चुरा किंवा भाजून बारीक कुटलेली कवचं खाण्यात दिली आणि अंडी दिवसातून दोनदा उचलली, तर ही खोड बरीच मोडते. कवचं नुसती हातानं चुरून टाकू नका बरं. त्यानंच तिला अंड्याची चव कळते.

खुराडं कसं असावं

बहुतेक घरी खुराडं म्हणजे जुनं खोकं, वर टिनाचा पत्रा आणि पुढे फळी. मांजरापासून ते वाचवतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात? दिवसा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि तापलेलं ते खोकं रात्रीसुद्धा लवकर निवत नाही. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता काढते. हवा नसेल तर ती त्या पेटीतच मरते, आणि आपण म्हणतो, "काही तरी रोग आला." चोरापासून वाचवताना आपणच मारायची, असं होऊ नये. म्हणून भिंती फळीच्या नाही, जाळीच्या हव्यात. पावसाळ्यात बाहेरून तणसाची किंवा तुराट्यांची झापं टांगावीत आणि उन्हाळ्यात काढून टाकावीत.

जाळी घेताना मात्र चूक होते. बाजारात कोंबडीजाळी म्हणून जी षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवायला ठीक. कुत्र्याला बाहेर ठेवायला ती अगदीच कुचकामी. कुत्रा आणि कोल्हा ती दातानं फाडतात, मुंगूस वाकवतं. थोडे पैसे जास्त पडले तरी अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डेड जाळीच घ्यावी. सगळ्या बाजूंना परवडत नसेल तर निदान खालचे दोन फूट तरी ती लावा. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही: मोठ्या भोकांच्या जाळीला टेकून कोंबडी झोपली, तर मांजर बाहेरून पंजा घालून तिचा पाय नाहीतर मुंडकं ओढून काढतं. म्हणून बसायची दांडी जाळीपासून वीतभर आत आणि जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांधावी. देशी कोंबडीला उंचावर बसायला आवडतंच.

खुराडं जमिनीवर ठेवायचं असेल तर उकरणाऱ्यांचा बंदोबस्त करा. त्याची एक सोपी युक्ती आहे. जाळी भिंतीच्या पायाशी संपवायची नाही. ती बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरायची, लुगड्याच्या काठासारखी, आणि वर माती-दगड घालून झाकायची. कुत्रा असो की कोल्हा, तो अगदी भिंतीला नाक लावून उकरायला लागतो आणि पंजाखाली जाळी लागली की दुसरीकडे उकरतो. दीड फूट मागे सरकून तिथून खणावं, एवढं त्याच्या सहसा लक्षात येत नाही. घुशीसाठी मात्र तळाला फरशी किंवा सिमेंटचा कोबा हवा.

त्याहून बरं म्हणजे खुराडं मचाणासारखं पायांवर उभं करणं. आपल्याकडे बांबू आहे, बुरूड आहेत. अडीच-तीन फूट उंचीच्या चार पायांवर बांबूच्या कांबट्यांचा तळ. फटी एवढ्याच, की विष्ठा खाली पडेल पण कोंबडीचा पाय अडकणार नाही आणि मुंगूस वर येणार नाही. पायांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल चोपडावं आणि मध्यावर टिनाचा उपडा शंकू बसवावा, म्हणजे चढणारं जनावर तिथेच अडतं. अशा खुराड्याला पावसाळ्यात ओल धरत नाही. पाणी बिळात शिरलं की साप आणि घुशी उंच कोरड्या जागी येतात. त्या दिवसांत याचा फायदा विशेष जाणवतो. वर कवेलू असतील तर त्यांच्याखालून जाळी ताणून बांधायला विसरू नका, नाहीतर उदमांजराला वाट मोकळी.

दाराला नुसता आकडा नको. कुत्रं नाकानं ढकलून तो सहज उचलतं. कडी घालावी आणि कडीच्या भोकात खिळा अडकवावा. खुराड्यात रात्रीपुरती एका कोंबडीला एक-दीड चौरस फूट जागा पुरते. त्याहून जास्त कोंबल्या तर त्या आपसात चोची मारतात.

जागा कुठली निवडावी? मला विचाराल तर घराच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. वास येतो म्हणून खुराडं कुंपणापाशी, दूर नेऊन ठेवायची पद्धत आहे. पण मग रात्री कोंबड्या ओरडल्या तरी ऐकू कोणाला येणार? विष्ठा रोज राखेनं झाकली आणि आठवड्याला काढून खड्ड्यात टाकली, तर वास फार येत नाही. वर भाजीच्या वाफ्याला फुकटचं खत.

पिलांचे दिवस

मोठ्या कोंबडीपेक्षा जीव जातो तो पिलांचा. बारा पिलं निघाली आणि महिन्यानं चार उरली, हा अनुभव नवा नाही. त्यातली काही मानमोडीनं जातात. तिची लस आठवडाभराच्या पिलांना पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते, ती चुकवू नका. पण बरीचशी कावळा, शिक्रा, घार आणि मांजर नेतात.

कोंबडी अंड्यांवर बसवायची ती घरातच बसवावी. एकवीस दिवसांचा तर प्रश्न! टोपलीत राख, वर तणस, त्यावर दहा-बारा अंडी आणि टोपली माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. दिवसातून एकदा ती उठते, दाणा-पाणी घेते, विष्ठा टाकते आणि परत बसते. तेवढा वेळ दार उघडं ठेवलं की झालं. सासूबाईंना घाण वाटेल खरी. पण पहिलं पिलू चिवचिवलं की टोपलीपाशी त्याच आधी जाऊन बसतात!

पुढे पहिले चार-सहा आठवडे पिलांना डालग्याखालीच फिरवावं. डालगं जड असावं नाहीतर वर दगड ठेवावा, कारण मांजर कड उचलतं. सावलीत ठेवावं आणि जागा रोज बदलावी. पिलं मोकळी सोडायची झाली तर अंगणात लपायला आडोसे करा: तुराट्यांची आडवी लावलेली झोपडी, एखादी मोडकी खाट, मिरचीचे-वांग्याचे दाट वाफे. आई कोंबडी आकाशात सावली दिसताच एक विशिष्ट लांब आवाज काढते आणि पिलं पळतात. पळून जायला जवळ जागा असली तरच त्या आवाजाचा उपयोग. झाडून लखलखीत ठेवलेलं मोकळं अंगण तुम्हाला शोभतं, शिक्र्याला त्याहून जास्त!

काहीजणी पिलांना गुलाबी रंग लावतात, म्हणजे पक्षी बिचकतात म्हणे. करून पाहायला हरकत नाही, पण कावळा फार शहाणा. चार दिवसांत त्याला कळतं. चमकणारी पट्टी, जुन्या सीडी दोरीला टांगणं हेही तसंच. जागा बदलत राहिलात तरच चालतं. मेलेला कावळा टांगायची जुनी रीत मात्र आता सोडून द्या. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तो देशातला पहिला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या आणि इतर ठिकाणी कावळेसुद्धा त्यानं मेले. मेलेल्या कावळ्याला हात लावणं म्हणजे रोग आपणच घरात आणणं. तो दिसला तर पशुसंवर्धन खात्याला कळवावं. टांगायचंच असेल तर काळ्या प्लॅस्टिकचा गुंडाळा टांगा.

जात निवडतानाही विचार करावा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या जाती परसासाठीच काढलेल्या. अंडी देशीपेक्षा जास्त देतात, वजनही चांगलं. पण अंगानं जड. देशी कोंबडी फडफडून जांभळीवर चढते तिथे गिरिराज जमिनीवरच सापडते. पांढरी लेगहॉर्न तर दुरूनच दिसते. जड आणि पांढऱ्या कोंबड्या पाळायच्या तर वरून जाळी हवीच; नाहीतर देशी बऱ्या. अंडी थोडी कमी, पण जगायचं कसं ते त्यांना शिकवावं लागत नाही.

हे मात्र नको

नुकसान झालं की राग येतो. मग कुणी मेलेल्या कोंबडीत विष भरून ठेवतं, कुणी कुंपणात विजेची तार सोडतं. मैत्रिणींनो, घरातल्या माणसांना यापासून थोपवणं हे तुमच्याच हातात आहे. विष घातलेली कोंबडी कोल्ह्याआधी शेजाऱ्यांचा कुत्रा खातो, कावळे खातात, आणि रांगणारं पोरगं तिला हात लावतं. तारेचं तर विचारूच नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेनं विदर्भात माणसं गेली आहेत, वाघ गेले आहेत. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला 'जय' वाघ आठवत असेल. त्याचाच बछडा श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, २०१७ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे शेतातल्या अशाच तारेला लागून मेला. शिवाय कोल्हा, मुंगूस, रानमांजर, उदमांजर, घोरपड या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे. मारणारा तुरुंगात जाऊ शकतो, आणि कोर्टाच्या चकरा मारणारं घर कोंबड्यांच्या पैशात सावरत नाही.

उंदीर-घुशींसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्याही कोंबड्यांच्या आसपास नकोत, त्या कोंबड्याच टिपतात. पिंजरा लावा. सांडलेला दाणा संध्याकाळी झाडून घ्या. दाणा असतो तिथे उंदीर, आणि उंदीर असतो तिथे साप. सापासाठी लसूण, फिनेल, रॉकेल शिंपडण्यावर भिस्त ठेवू नका. अंडी काढताना आधी बॅटरीचा उजेड टाकावा, काठीनं गवत हलवावं आणि मगच हात घालावा. नाग, मण्यार, घोणस आपल्या भागात आहेत. चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, सरळ सरकारी दवाखान्यात. सर्पदंशाची लस तिथेच मिळते.

मेलेला पक्षी किंवा कापलेल्या कोंबडीची आतडी उकिरड्यावर फेकू नयेत. दोन-अडीच फूट खड्डा करून, चुना घालून पुरावं. गावाबाहेर रस्त्याकडेला चिकनवाल्यांची घाण पडते तिथे कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. नगरपालिकेत याबद्दल चार बायकांनी मिळून अर्ज दिला तर कुणी नको म्हणणार नाही. बिबट्या आल्याची शंका असेल तर रात्री ओरडा ऐकून एकटीनं बाहेर धावू नका. आतून दिवा लावा, थाळी वाजवा, दार बंदच ठेवा. कोंबडीपेक्षा तुमचा जीव मोठा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

संध्याकाळची सवय

एवढं सगळं केलं आणि दार लावायला उशीर झाला, तर सगळं फुकट. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास रोज एकाच वेळी, एकाच हाकेनं, खुराड्यापाशी मूठभर कणी टाका. आठ दिवसांत कोंबड्या हाक ऐकताच धावत येतात. आत गेल्या की मोजा. मोजणं महत्त्वाचं, कारण एक कमी असली तर त्याच वेळी शोधता येते. सकाळी शोधायला फक्त पिसं उरतात. आणि सकाळी चांगलं उजाडल्याशिवाय सोडू नका. पहाटे पाण्याची वेळ म्हणून आपण पाचला उठतो आणि जाता जाता दार उघडतो. तोच कोल्ह्याचा घरी परतायचा रस्ता नि तीच वेळ.

लग्नसराईत माहेरी जाताना हे काम कुणाकडे सोपवायचं तेही आधी ठरवा. "हे" हो म्हणतील आणि क्रिकेटची मॅच लागली की विसरतील. त्यापेक्षा चौथी-पाचवीतल्या मुलीला किंवा मुलाला रोज संध्याकाळी मोजायचं काम आतापासूनच द्या आणि आठवड्याला एक अंडं त्याच्या नावाचं ठेवा. मूल कधी विसरत नाही.